शुकाचे ऋण

(चातुर्मासातील प्रवचन)



गृहस्थाश्रम हा इतर तीनही आश्रमांचा आधार आहे, असे आपले स्मृतिकार सांगत आले. ह्या आधाराचा अर्थ आपण बहुधा माणसांपुरताच करतो. अतिथी, विद्यार्थी, संन्यासी ह्यांचे पोषण गृहस्थाने करावे, एवढे आपणांस ठाऊक असते. परंतु पंचमहायज्ञांत जो भूतयज्ञ सांगितला आहे, त्यात कावळा, कुत्रा, मुंगी अशा जीवांचाही भाग गृहस्थाच्या अन्नातून आधीच काढून ठेवलेला आहे. तो भाग म्हणजे आपण केलेला उपकार नव्हे. तो त्यांचा हक्काचा वाटा होय. आजचा विषय ह्याच भूतयज्ञाच्या पोटातला आहे. घरी मोठा पोपट पाळावा काय, आणि पाळलाच असेल तर त्याच्यासंबंधी गृहस्थाचा धर्म कोणता, असा प्रश्न आपल्या मंदिरात येणाऱ्या काही कुटुंबांनी विचारला आहे. प्रश्न वरवर लहान दिसतो. पण तळाशी गेले म्हणजे दया कशास म्हणावे आणि ममता कशास म्हणावे, हा मोठा प्रश्न तेथे आढळतो. म्हणून त्याचा विचार सावकाश करू.

पोपट आपल्या धर्मजीवनात परका नाही. परीक्षिताला भागवत ऐकविणारे शुकमुनी. त्यांचे नावच शुक. मदुरेच्या मीनाक्षीच्या हाती पोपट आहे, श्रीविल्लिपुत्तूरच्या आंडाळच्या हाती पोपट आहे. श्रीशंकराचार्यांना मंडनमिश्रांचे घर कसे ओळखावे हे सांगताना, ज्या दारी पिंजऱ्यातले पक्षी वेदप्रामाण्याची चर्चा करीत असतील ते घर त्यांचे, अशी खूण सांगितल्याची आख्यायिका आहे. पोपटाला रामनाम पढविता पढविता गणिका तरून गेली, ही कथा तर आपल्या कीर्तनांतून पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. आमच्या घरांतूनही राघू, मिठू, विठू ही नावे मुलाबाळांच्या नावांइतकीच ओळखीची. तेव्हा ह्या पक्ष्याची ओढ आपल्या रक्तात आहे असे म्हटले तरी चालेल.

परंतु ह्याच परंपरेने दुसरी बाजूही झाकून ठेवलेली नाही. बाणभट्टाच्या 'कादंबरी'त वैशंपायन नावाचा पोपट आपली कथा सांगतो. तीत विंध्यारण्यातील शाल्मली वृक्षावर एक म्हातारा शबर चढतो, ढोलींतून पोपटांची पिल्ले काढतो आणि मारून खाली टाकतो. पिल्लाला पंखाखाली झाकून बसलेला म्हातारा पिताही त्यातून सुटत नाही. राजसभेत सुभाषिते बोलणाऱ्या पक्ष्याच्या मागे एक लुटलेली ढोली असते, ही गोष्ट बाणभट्टाने तेराशे-चौदाशे वर्षांपूर्वी लिहून ठेवली. आपण राजसभा तेवढी लक्षात ठेवली आणि ढोली विसरलो.

आता मोठा पोपट म्हणजे कोणता, हे स्पष्ट करू. आपल्या देशात खांद्यावर तांबडा पट्टा असलेला पहाडी पोपट हा मोठा. ख्रिस्तपूर्व पाचव्या शतकाच्या अखेरीस इराणच्या दरबारी राहिलेल्या क्टेसियस नावाच्या ग्रीक वैद्याने भारतातल्या बोलक्या पोपटाचे वर्णन करून ठेवले आहे. म्हणजे आपल्या राघूची कीर्ती किती जुनी ते दिसते. परंतु १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये आपल्या देशातील पोपट, मग तो गळ्यात कंठ असलेला नेहमीचा राघू असो की पहाडी, पकडणे, विकणे वा पिंजऱ्यात ठेवणे हा गुन्हा आहे. पुष्कळ सज्जनांना हे ठाऊक नसते. लहानपणी आजोबांच्या ओटीवर पिंजरा होता, एवढेच त्यांना आठवते. काळ बदलला आहे, आणि ह्या बाबतीत तो पक्ष्याच्या हिताचा बदलला आहे.

म्हणून आता लोक परदेशी पोपटांकडे वळतात : आफ्रिकेतील तांबड्या शेपटीचा राखी पोपट, दक्षिण अमेरिकेतील निळा-पिवळा मकाव, ऑस्ट्रेलिया-इंडोनेशियाकडील शुभ्र काकाकुवा. त्यांच्याविषयीही नियम आहेत. २०२२ साली वरील कायद्यात दुरुस्ती झाली आणि २०२४ साली त्याखालील नियम आले. त्यांनुसार सायटीस ह्या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीतील असे जीव बाळगणाऱ्याने शासनाकडे नोंदणी केली पाहिजे. राखी पोपट तर २०१६ साली जोहान्सबर्ग येथे भरलेल्या परिषदेत त्या कराराच्या सर्वांत कडक परिशिष्टात घातला गेला. कारण उघड आहे. घाना देशातील त्यांची संख्या १९९२ पासून नव्वद टक्क्यांहून अधिक घटल्याचे अभ्यासकांना आढळले. एके काळी ज्या झाडांवर संध्याकाळी थव्यांचा कल्लोळ चाले, तेथे आता शांतता आहे. ती शांतता कोणाच्या तरी दिवाणखान्यातल्या करमणुकीसाठी विकत घेतलेली आहे, हे गृहस्थाने मनाशी धरावे.

हा पक्षी काय योग्यतेचा आहे, तेही पाहू. अर्थ न समजता बोलण्याला आपण पोपटपंची म्हणतो. अमेरिकेत आयरीन पेपरबर्ग ह्या विदुषींनी १९७७ साली एका दुकानातून अ‍ॅलेक्स नावाचा राखी पोपट घेतला आणि त्याला तीस वर्षे शिकविले. सुमारे पन्नास वस्तू, सात रंग, पाच आकार तो ओळखून सांगे, सहापर्यंत मोजी, दोन वस्तूंत सारखे काय आणि निराळे काय, हे विचारले असता उत्तर देई. २००७ साली, एकतिसाव्या वर्षी, तो वारला. शिकविण्याची रीतही ध्यानात घेण्याजोगी आहे. त्याच्यापुढे एकच शब्द घोकीत बसण्याऐवजी दोन माणसे त्याच्यासमोर एकमेकांशी त्या वस्तूविषयी बोलत, एक विचारी, दुसरे उत्तर देई, आणि पोपट ते पाहून शिके. आपण ह्याला सत्संग म्हणू. आणखी एक प्रयोग २०२० साली प्रसिद्ध झाला. त्यात राखी पोपटांनी आपल्याजवळची चकती, जी दिली असता खाऊ मिळतो, शेजारच्या पिंजऱ्यातील सोबत्याला देऊ केली. स्वतःला त्यातून काही मिळणार नसतानाही दिली. पोपटपंचीचा आरोप अशा रीतीने पोपटावरून बराचसा उतरला आहे. तो आता आपल्यापैकी कोणाकोणावर उरला आहे, ते ज्याचे त्याने पाहावे.

ह्यावरून पहिला सिद्धान्त असा निघतो, की मोठा पोपट घरी आणणे म्हणजे शोभेची वस्तू आणणे नव्हे. विचार करणारा, वाट पाहणारा, रुसणारा आणि आठवण ठेवणारा एक जीव आणणे होय. पाच वर्षांच्या बालकाला दिवसभर एका खोलीत कोंडून, खाणेपिणे ठेवून, आपण कचेरीस गेलो तर लोक काय म्हणतील? पोपटाच्या बाबतीत हेच केले तर कोणी काही म्हणत नाही. पण तो पक्षी स्वतः सांगतो. तो आपली पिसे उपटू लागतो. प्रथम छातीवरची, मग पंखांखालची, आणि अखेरीस चोच पोहोचेल तेथवर सर्व अंग उघडे करून बसतो. काही वेळा हे आजारामुळे होते, म्हणून वैद्याला दाखविले पाहिजे. परंतु पुष्कळदा ह्यामागे एकटेपणा आणि रिकामपण असते. रानात हा पक्षी थव्याने राहतो, जोडीने राहतो, दिवसातून कित्येक कोस उडतो, चोचीने लाकूड फोडतो, फळ शोधतो. पिंजऱ्यात त्याला फोडायला आणि शोधायला स्वतःचे अंगच तेवढे राहते.

अशा पक्ष्यासोबत राहायचे म्हणजे काय करावे लागते, हेही सांगितले पाहिजे. कारण धर्म हा तपशिलात असतो. पिंजरा एवढा असावा, की दोन्ही पंख पूर्ण पसरता यावेत. आणि मकावाचे पंख पसरले असता मीटरभराहून अधिक भरतात. रोज काही तास तो पिंजऱ्याबाहेर, घरातल्या माणसांत असावा. त्याला कुरतडायला पेरूच्या, जांभळीच्या साली असलेल्या फांद्या द्याव्यात. नाहीतर तो खुर्चीचे पाय कुरतडील आणि दोष त्याचा नसेल. नुसत्या बियांवर ठेवलेला पोपट रोगी होतो; त्याला भाजीपाला, गाजर, भोपळा, भिजविलेली कडधान्ये, फळे असा चौरस आहार हवा. चहा, मीठमसाल्याचे फरसाण, चॉकलेट ही लाडाने देऊ नयेत, आणि अ‍ॅव्होकॅडो हे फळ तर त्याला विषासमान आहे. त्याला रोज दहा-बारा तासांची शांत, अंधारी झोप लागते. विषुववृत्ताच्या अरण्यात त्याच्या पूर्वजांना बारमास जवळजवळ बारा तासांची रात्र मिळत आली. दूरदर्शनसंच मध्यरात्रीपर्यंत चालणाऱ्या खोलीत त्याचा पिंजरा ठेवणे हा छळच होय.

त्यातही एक गोष्ट आपल्या घरांपुरती विशेष आहे. पक्ष्यांचे श्वसन फार तरल असते. फुप्फुसांखेरीज त्यांच्या देहात वायुकोश असतात, आणि हवेतला प्राणवायू जसा ते झपाट्याने घेतात तसे विषही घेतात. म्हणून धूप, ऊद, कापूर ह्यांचा धूर कोंडणाऱ्या देवघराजवळ पिंजरा टांगू नये. अन्न न चिकटणारा लेप दिलेला तवा रिकामा राहून फार तापला तर त्यातून निघणारा वायू माणसाला जाणवतही नाही, पण पक्षी काही मिनिटांत मरून पडतो. दिवाळीत फटाक्यांच्या आवाजाने रात्री घाबरून तो पिंजऱ्यात आपटतो आणि पंख मोडून घेतो. आपल्या आरतीने आणि आपल्या सणाने एका आश्रिताचा प्राण जावा, हे कोणत्या देवाला आवडेल?

आणखी एक ओळख ठेवावी. पक्षी आजार लपवितो. रानात जो दुबळा दिसतो त्यावर ससाणा झडप घालतो. म्हणून अखेरपर्यंत धडधाकट दिसणे हा त्याचा स्वभाव झाला आहे. तो पिसे फुलवून, मान खाली घालून बसलेला दिसला, तर रोग जुना झाला असे समजावे. त्याला आठवड्यातून एकदा स्वयंपाकघरातल्या तराजूवर तोलावे व वजन टिपून ठेवावे. घटते वजन ही त्याने न बोलता सांगितलेली तक्रार असते.

येथे कोणी शंका घेईल : एका पक्ष्यासाठी एवढा खटाटोप करणे म्हणजे मोह नव्हे काय? भरतमुनींची गोष्ट आपणच सांगता ना? ही शंका योग्य आहे. भागवताच्या पाचव्या स्कंधात राज्य, पुत्र, वैभव ह्या सर्वांचा त्याग केलेला भरत राजा गंडकीच्या तीरी तप करीत असता, सिंहाच्या गर्जनेने भ्यालेली एक गाभण हरिणी प्रवाहात उडी घेते, तिचे पाडस पाण्यात पडते आणि ती मरते. भरत ते पाडस उचलतो, वाढवितो, आणि हळूहळू त्याच्यापायी जपतप, पूजा, नियम सर्व विसरतो. अंतकाळी मनात हरिणच राहिल्यामुळे त्याला हरिणाचा जन्म येतो. पृथ्वीचे राज्य ज्याला बांधू शकले नाही, त्याला वीतभर पाडसाने बांधले.

ह्या कथेचा अर्थ नीट केला पाहिजे. वाहत्या पाण्यातून पाडस उचलले, ही भरताची चूक नव्हती. ते न उचलता डोळे मिटून जप करीत बसणारा मनुष्य मुनी नव्हे, दगड होय. पाडसाला दूध पाजले, लांडग्यांपासून राखले, हेही योग्यच. घसरण झाली ती पुढे. 'ह्याला माझ्यावाचून कोणी नाही' ही दया होती. तिचे रूपांतर 'मला ह्याच्यावाचून करमत नाही' ह्यात कधी झाले, हे त्याच्या लक्षात आले नाही. दया आश्रिताकडे पाहते, ममता स्वतःकडे पाहते. दोघींचे कपडे सारखे असतात. म्हणून ओळखण्यात चूक होते.

पोपटाच्या बाबतीत ही ओळख पटविण्याची सोपी कसोटी आहे. पाहुणे आले असता त्याला झोपेतून उठवून 'बोल, बोल' म्हणतो, ती ममता; पाहुण्यांना 'आता त्याच्या झोपेची वेळ आहे' असे सांगतो, ती दया. तो बोलतो म्हणून प्रिय असेल तर ती ममता; चार-पाच वर्षांचा होऊन वयात आला, किंचाळू लागला, हाताला कडकडून चावला, तरीही दुसऱ्या दिवशी सकाळी आपण त्याचे पाणी बदलतो, ती दया. त्याने आपल्याशीच बोलावे, दुसऱ्या कोणाच्या हातावर जाऊ नये असे वाटते, ती ममता. घरातील चार माणसांशी त्याची ओळख करून देतो, म्हणजे आपल्यामागे तो पोरका होऊ नये, ती दया. हातातल्या फोनवर बोलक्या पोपटाची चित्रफीत पाहून तसाच घरी हवा वाटणे, ही तर ममताही नव्हे. ती केवळ हौस.

'आपल्यामागे' हा शब्द मी मुद्दाम वापरला. आजच्या विषयाचे मर्म तेथे आहे. कुत्रे दहा-पंधरा वर्षे जगते. चांगले सांभाळलेले राखी पोपट, मकाव व काकाकुवा पन्नास-पन्नास वर्षे जगू शकतात. साठ वर्षांच्या निवृत्त गृहस्थाने एक वर्षाचे पिल्लू आणले, आणि तो पक्षी पन्नास वर्षांचा झाला, तर त्या दिवशी गृहस्थाचे वय एकशे नऊ वर्षे असावे लागेल. ही बेरीज दुकानात कोणी करून दाखवीत नाही; ती गृहस्थाने घरीच करून निघावे. आपण जे व्रत घेतो त्याचे उद्यापन आपल्याच हातून व्हावे अशी आपली अपेक्षा असते. हे व्रत असे, की त्याचे उद्यापन बहुधा दुसऱ्याच्या हातून व्हायचे आहे. म्हणून ते घेण्यापूर्वी त्या दुसऱ्याला विचारले पाहिजे. ज्याने विचारले नाही त्याने पक्षी पाळला नाही. त्याने पुढच्या पिढीवर न सांगता कर्ज करून ठेवले.

पण कर्ज झालेच आहे, अशी घरेही आपल्यात आहेत. वडील निवर्तले, मुले नोकरीनिमित्त दूर, घरात सुनेला पक्ष्याची भीती वाटते, कारण तो वडिलांखेरीज कोणाला हात लावू देत नाही. मोठा पोपट बहुधा एका माणसावर जीव लावतो, आणि ते माणूस दिसेनासे झाले म्हणजे दाराकडे पाहत हाका मारतो. आणि कोणाच्या स्वरात हाक मारतो? ज्याच्याकडून शिकला त्याच्याच. दिवस सरून, तेरावे होऊन, घर जरा सावरलेले असते. आणि एखाद्या सकाळी ओटीवरून वडिलांच्या आवाजात 'अगं, चहा झाला का?' असे ऐकू येते. घरातल्यांच्या अंगावर काटा उभा राहतो. कोणाला रडू येते, कोणाला राग येतो. मग पिंजरा ओटीवरून गच्चीच्या जिन्यात जातो, आणि जिन्यातून अडगळीच्या खोलीत.

सज्जनहो, पितृपक्षात आपण कावळ्याला घास ठेवतो आणि तो शिवावा म्हणून उन्हात तिष्ठत उभे राहतो. तो कावळा आपल्या वडिलांना ओळखीत नव्हता. अडगळीत बसलेला हा पक्षी मात्र त्यांना ओळखीत होता. त्यांच्या हातचे पेरू त्याने खाल्ले होते, त्यांचा स्वर त्याच्या कंठात आहे. पितरांना पोहोचणारा घास कोणता, हे मी निराळे सांगण्याची गरज नाही. वडिलांचे सावकाराचे देणे मुलगा फेडतो, कारण त्यात कुळाची अब्रू असते. हेही वडिलांचेच देणे आहे, आणि ह्याचा सावकार तगादा लावू शकत नाही, म्हणून तर ते आधी फेडावे.

मग कोणी म्हणेल, त्यापेक्षा एखाद्या एकादशीला पिंजऱ्याचे दार उघडून त्याला मुक्त करावे. मुक्तीसारखे पुण्य कोणते? हा विचार भाविक आहे, पण घातक आहे. माणसाच्या हातून वाढलेल्या पक्ष्याला अन्न कसे शोधावे ठाऊक नसते; पंख कातरलेले असतात किंवा स्नायू दुबळे झालेले असतात; कावळे आणि घारी त्याला पहिल्या दिवशीच घेरतात. परदेशी पोपटाचे तर हे अरण्यच नव्हे. त्याला सोडणे म्हणजे मुक्ती देणे नव्हे, जबाबदारीतून आपण मुक्त होणे. आपल्या देशातील पोपट कोणाच्या घरी अजून असेल तर त्याने वनखात्याला कळवावे. त्याच्यासाठी काय योग्य ते जाणकार ठरवितील. परदेशी पक्षी सांभाळणे खरोखरच अशक्य झाले असेल, तर विकण्याचा विचार न करता, ज्याला ह्या पक्ष्यांची माहिती आहे, ज्याच्या घरी वेळ आहे, अशा कुटुंबाकडे कायद्याच्या रीतीने सोपवावा. योग्य हाती देणे ह्यात कमीपणा नाही. कण्वांनीही शकुंतलेला जन्मभर आश्रमात ठेवले नाही. पण पाठविताना ती कोठे जाते आहे ह्याची काळजी वाहिली.

मुक्तीचा विषय निघालाच आहे, तर ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायातील शुकनलिकेचा दृष्टान्त आठवावा. पारध्याने टांगलेल्या नळीवर पोपट बसतो. त्याच्या भाराने नळी फिरते. तो उलटा होतो आणि भयाने नळी अधिकच घट्ट धरतो. त्याला कोणी बांधलेले नसते. पण आपण बांधले गेलो असे वाटून तो पाय सोडीत नाही. माउलींनी हे जीवाविषयी सांगितले. आपण पिंजऱ्यापुढे उभे राहून हा दृष्टान्त विचारात घेतला, तर आत कोण आणि बाहेर कोण हे क्षणभर कळेनासे होते. पक्ष्याचा पिंजरा लोखंडाचा आहे, तो त्याने केलेला नाही. आपली नळी हौसेची, मालकीची, 'माझा पोपट' ह्या दोन शब्दांची आहे. ती आपणच धरलेली आहे. 'माझा' हा शब्द सुटला, आणि 'ह्याचा मी विश्वस्त' एवढाच भाव राहिला, की सेवा तीच राहते आणि बंधन गळून पडते. भरतमुनींना हेच साधायचे राहिले होते.

आता ज्या कथेत ह्या सर्व विचाराचे सार आहे ती सांगतो. अनुशासनपर्वात युधिष्ठिर भीष्मांना आनृशंस्य म्हणजे काय ते विचारतो. आनृशंस्य म्हणजे क्रूरतेचा अभाव. पण नुसता अभाव नव्हे, दुसऱ्याच्या दुःखात त्याला न सोडण्याचा गुण. भीष्म उत्तरादाखल एका पोपटाची गोष्ट सांगतात. काशीच्या प्रदेशात एका व्याधाचा विषारी बाण हरणाला चुकून एका मोठ्या वृक्षाला लागला. विषाने वृक्ष वाळला, पाने झडली, फळे गळाली. त्यावर राहणारे सर्व पक्षी उडून गेले. ढोलीत राहणारा एक पोपट तेवढा गेला नाही. झाडाबरोबर तोही सुकू लागला. इंद्राला आश्चर्य वाटले. तो ब्राह्मणाच्या रूपाने आला आणि म्हणाला, 'अरे, अरण्यात हिरवी झाडे का थोडी आहेत? ह्या वाळल्या खोडाला का धरून बसलास?' पोपटाने त्याला ओळखले आणि सांगितले, 'देवा, ह्याच वृक्षावर मी जन्मलो, ह्यानेच मला लहानपणी राखले. तो बहरात होता तेव्हा राहिलो. आज तो वाळला म्हणून जाऊ?' इंद्र प्रसन्न झाला, वर माग म्हणाला. पोपटाने स्वतःसाठी काही मागितले नाही; वृक्ष पुन्हा हिरवा व्हावा एवढे मागितले. इंद्राने अमृत शिंपले आणि वृक्ष बहरला.

आनृशंस्य शिकविण्यासाठी भीष्मांना ऋषी आठवला नाही, राजा आठवला नाही, पोपट आठवला. आज आपल्या घरी तो पोपट आहे, आणि वाळलेले झाडही तोच आहे. पिसे उपटून उघडा झालेला, म्हातारपणाने मोतीबिंदू आलेला, पूर्वीसारखा न बोलणारा, कर्कश हाका मारणारा. दुकानांतून हिरवी झाडे पुष्कळ आहेत. रंगीत, गोड बोलणारी नवी पिल्ले मिळतात. इंद्र आजही येतो आणि तोच प्रश्न विचारतो. उत्तर काय द्यावे, हे भीष्मांनी शिकवून ठेवले आहे.

तेव्हा ह्या चातुर्मासात पाच नियम धरावेत, अशी माझी विनंती आहे. ज्यांच्या घरी मोठा पोपट नाही त्यांनी तो हौसेने आणू नये. आणि आपल्या देशातला राघू तर पिंजऱ्यात कधीच ठेवू नये. पोपटांची ओढ असेल तर गच्चीवर पाणी ठेवावे, अंगणातला पेरू सगळा न उतरविता वरच्या फांद्या राखाव्यात. मंदिराच्या पिंपळावर सायंकाळी उतरणारा थवा कोणाच्याही मालकीचा नाही, आणि म्हणून तो सर्वांचा आहे. ज्यांच्या घरी परदेशी पक्षी आहे त्यांनी नोंदणी पुरी करावी. त्याला दिवसातला ठरलेला वेळ द्यावा, जसा आपण देवपूजेला देतो. आपल्यामागे त्याला कोण पाहील हे आजच ठरवून, त्या व्यक्तीची संमती घेऊन, त्याचे खाणे, सवयी, औषध, वैद्याचे नाव हे सर्व एका वहीत लिहून ठेवावे. आणि पाचवा नियम वाणीचा. तो पक्षी आपल्या घरात जे ऐकतो तेच उद्या बोलणार आहे, कदाचित आपण नसताना, आपल्याच आवाजात. शिवी ऐकली तर शिवी बोलेल. नाम ऐकले तर नाम बोलेल. आपल्या पश्चात आपला स्वर ज्या कंठात राहायचा आहे, त्याला काय द्यावयाचे हे ठरविण्यासाठी आपणांस आजचाच दिवस मिळालेला आहे.

मुक्या जीवाची जी सेवा आपल्या हातून घडेल, ती भगवंताच्या चरणी रुजू होवो, अशी प्रार्थना करून हे प्रवचन येथे पुरे करतो.

॥ श्रीकृष्णार्पणमस्तु ॥